वाचकांचे प्रश्न: ऑनलाइन वर्गातली बेशिस्त, कॉपी आणि ग्रुपवरचा छळ

शाळा-कॉलेजं पुन्हा भरू लागली, तरी ऑनलाइन तास संपलेले नाहीत. क्लासेस, दूरशिक्षणाचे अभ्यासक्रम, सुट्टीतले जादा तास, अतिवृष्टीमुळे कलेक्टरांनी सुट्टी जाहीर केली की मोबाइलवर भरणारी शाळा, सगळं चालू आहे. त्यातल्या शिस्तीबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच या अंकात घेतली आहेत.

नववीला मी झूमवर बीजगणित शिकवते. मागच्या आठवड्यात तास चालू असताना एका मुलाच्या नावाने कुणीतरी चॅटमध्ये शिव्या लिहिल्या आणि माझ्या स्क्रीनवर रेघोट्या ओढल्या. मी त्याला बाहेर काढलं. शाळा म्हणते, आठवडाभर वर्गात घेऊ नका. मुलगा रडून सांगतोय, ‘तो मी नव्हतोच.’ काय करावं?
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

शिक्षा आधी थांबवा. झूमवर तुम्हाला दिसतं ते फक्त नाव असतं, आणि आत येताना कुणालाही हवं ते नाव टाकता येतं. वर्गातल्या मुलाचं नाव टाकलं की शिक्षक वेटिंग रूममधून बिनदिक्कत आत घेतात, हे मुलांना चांगलं ठाऊक असतं.

शाळेचं खातं पैसे भरलेलं असेल तर झूमच्या वेबसाइटवर लॉगिन करून त्या दिवसाच्या मीटिंगचा रिपोर्ट काढा. कोण किती वाजता आलं आणि किती वाजता गेलं, हे त्यात ओळीने असतं. त्या मुलाच्या नावाच्या दोन नोंदी आहेत का, ते पाहा. समजा एक नोंद ८:०२ ते ८:४५ अशी आहे आणि दुसरी ८:३१ ते ८:३४. शिव्या ८:३३ ला आल्या असतील, तर दुसरी नोंद बहुधा तोतयाची. फक्त ‘बहुधा’, कारण तोच मुलगा घरातल्या दुसऱ्या मोबाइलवरूनही आलेला असू शकतो. नाव एकदाच असेल, तर नेट तुटून तो मधेच बाहेर गेला होता का, तेही त्याच यादीत कळतं. चॅट तुम्ही सेव्ह केलं असेल तर कॉम्प्युटरवर ‘डॉक्युमेंट्स’मधल्या झूमच्या फोल्डरमध्ये ती फाइल वेळेसकट मिळेल. रिपोर्ट आणि चॅट या दोन्हींची एक प्रत मुख्याध्यापकांकडे द्या. शिव्या खोडू नका. वाचायला कितीही लाज वाटली तरी पुरावा जसाच्या तसा राहिला पाहिजे.

मग मुलाशी बोला, पालकांपैकी एकाला बसवून आणि इतर मुलांच्या माघारी. ‘तू का केलंस?’ असं विचारू नका, त्यात निकाल आधीच लागलेला असतो. ‘त्या वेळी तू कोणत्या फोनवर होतास? लिंक कुणाला पाठवली होतीस? तुझा पासवर्ड कुणाला माहीत आहे?’ असं विचारा. त्याची उत्तरं लिहून घ्या आणि त्याला वाचून दाखवा. तक्रार काय आहे ते त्याला कळणं, पुरावा पाहायला मिळणं आणि त्याची बाजू ऐकली जाणं, हा नैसर्गिक न्याय चौदा वर्षांच्या मुलालाही लागू आहे. तक्रार तुमची आहे, म्हणून निर्णय दुसऱ्या कुणीतरी द्यावा.

त्यानेच केलं असं निघालं, तर तुमची समक्ष माफी, पालकांची सही असलेला लेखी कबुलीजबाब आणि दोन आठवडे त्याच्यासाठी चॅट बंद, एवढं पहिल्या खेपेला पुरेसं आहे. झूममध्ये एकट्या मुलाचं चॅट बंद करण्याची सोय हाताशी नसेल, तर सगळ्यांचं चॅट ‘फक्त होस्ट’ला, म्हणजे मीटिंग चालवणाऱ्या तुम्हालाच, जाईल असं ठेवा. वर्गाचाही फायदाच होईल. आठवडाभर बाहेर ठेवलं तर त्याचं समीकरणांचं प्रकरण बुडेल आणि शिवीचं मूळ जिथल्या तिथे राहील.

आता दाराबद्दल. बाहेरचा माणूस सहसा लिंक फोडून येत नाही, आतलंच कुणीतरी ती पुढे पाठवतं. पासकोड लिंकमध्येच गुंफलेला असतो, त्यामुळे पासकोड ठेवला आहे म्हणून निर्धास्त राहू नका. शाळेच्या ईमेलने लॉगिन केलेल्यांनाच प्रवेश, ही सेटिंग खरं काम करते. शाळेने ईमेल दिले नसतील, तर आत येताना नावाआधी हजेरी क्रमांक घालायला लावा (‘१७ आणि नाव’ असं) आणि आत आल्यावर नाव बदलण्याची मुभा काढून टाका. स्क्रीन शेअरिंग फक्त होस्टकडे ठेवा, ॲनोटेशन, म्हणजे स्क्रीनवर रेघा ओढण्याची सोय, बंद करा. वर्ग भरल्यावर दहाव्या मिनिटाला मीटिंग लॉक करा. मात्र नेट तुटलेलं मूल लॉक लागल्यावर परत येऊ शकत नाही, तेव्हा फोनवर कळवण्याची सोय आधीच सांगून ठेवा.

आणि प्रत्यक्ष गोंधळाच्या क्षणी कोण बोललं ते शोधत बसू नका. होस्ट टूल्समध्ये ‘सस्पेंड पार्टिसिपंट ॲक्टिव्हिटीज’ हे लाल अक्षरांतलं बटण आहे. ते दाबलं की सगळ्यांचा आवाज, व्हिडिओ, चॅट, शेअरिंग एका दमात थांबतं आणि मीटिंग लॉक होते. मग शांतपणे एकेक गोष्ट चालू करा. हे बटण रिकाम्या मीटिंगमध्ये दोनदा दाबून सराव करून ठेवा. घाबरलेला हात भलतीकडेच जातो.

कॅमेरा बंद ठेवणाऱ्यांची गैरहजेरी लावावी का? आमच्या शाळेत तसा नियम करायचं चाललं आहे.
— मुख्याध्यापक, नांदेड

नको. कॅमेरा बंद असणं ही बेशिस्त नव्हे. गटाच्या व्हिडिओ कॉलला तासाला एक जीबीच्या आसपास डेटा जाऊ शकतो. घरात दिवसाला दीड जीबीचा एकच पॅक आणि शिकणारी दोन भावंडं असतील तर हिशोब तुम्हीच करा. शिवाय एका खोलीचं घर, मागे झोपलेले आजोबा, भांडी घासणारी आई हे वर्गाला दाखवायची सक्ती मुलावर का व्हावी?

मूल जागेवर आहे का, एवढंच तुम्हाला हवं आहे. चाळीस मिनिटांत दोन वेळा, वेळ आधी न सांगता, एका ओळीचं उत्तर मागा: नुकतंच सोडवलेलं गणित, त्याची पुढची पायरी. दोन्ही वेळा उत्तर नाही, तर फोन करून चौकशी. ऑनलाइन शिक्षणासाठीच्या केंद्र सरकारच्या जुलै २०२० च्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रं आणि नववी ते बारावीसाठी चार सत्रं सांगितली होती. मुलं सहाव्या तासाला गप्प बसत असतील तर आधी वेळापत्रक बघा.

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला गुगल फॉर्मवर अंतर्गत परीक्षा घेतली. दोन विद्यार्थ्यांची उत्तरं शब्दशः सारखी आहेत आणि एकाचं उत्तर एआयने लिहिल्यासारखं वाटतं. एका तपासणी साइटने ‘९० टक्के एआय’ असं दाखवलंही. तिघांनाही शून्य द्यावं का?
— प्राध्यापक, कोल्हापूर

आधी एआयचं. तो ९० टक्क्यांचा आकडा पुरावा म्हणून वापरू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या खुद्द ओपनएआयने स्वतःचं असं तपासणीचं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. नीटनेटकं, साच्यातलं लिहिणाऱ्या प्रामाणिक विद्यार्थ्यावरही ही साधनं शिक्का मारतात. विद्यार्थ्याला बोलावून दहा मिनिटं तोंडी विचारा. त्याच्या उत्तरातला एक शब्द उचलून ‘इथे तुला काय म्हणायचं आहे?’ आणि ‘याचं दुसरं उदाहरण दे’. स्वतः लिहिलेलं असेल तर अडखळत का होईना, सांगतो. दुसरा एक प्राध्यापक सोबत बसवा आणि प्रश्नोत्तरं लिहून ठेवा.

पुढच्या वेळी दीर्घ उत्तरं फॉर्मऐवजी गुगल डॉक्समध्ये मागवा. फाइल मेनूतल्या ‘व्हर्जन हिस्टरी’त मजकूर कसा वाढत गेला ते दिसतं: वाक्य लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. चारशे शब्द एकाच क्षणी अवतरले असतील तर विचारण्यासारखं आहे. पण कच्चं दुसरीकडे लिहून इथे चिकटवणारेही असतात, म्हणून तिथेही निकाल तोंडी चौकशीनंतरच.

आता सारख्या उत्तरांचं. दोघांचं बरोबर उत्तर सारखं निघालं तर त्यातून फार काही सिद्ध होत नाही, पाठ्यपुस्तक एकच असतं. चूक सारखी असेल तर मात्र थांबा. तीच चुकीची सनावळी, त्याच जागी गळलेला शब्द, तीच शुद्धलेखनाची घसर अशा चुकांचा तक्ता करा, दोन्ही फॉर्म सबमिट झाल्याच्या वेळा शेजारी लिहा. नंतर आलेला फॉर्म नकललेला, असं मात्र गृहीत धरू नका. उत्तर देणारा निवांत लिहीत बसतो आणि घेणारा घाईने आधी पाठवतो, असंही होतं. दोघांना वेगवेगळं, पाठोपाठ बोलवा, मधे फोन करायला वेळ मिळणार नाही असं.

शून्य देण्याचा अधिकार तुमचा एकट्याचा नाही. अंतर्गत गुणांबाबत महाविद्यालयाच्या परीक्षा समितीकडे लेखी अहवाल द्या. विद्यापीठाची परीक्षा असती तर प्रकरण गैरप्रकार चौकशी समितीकडे गेलं असतं. आपल्याकडे परीक्षांतल्या गैरप्रकारांसाठी १९८२ पासून राज्याचा स्वतंत्र कायदा आहे, पण त्याचं नाव घेऊन मुलांना धमकावायला जाऊ नका. तुमचा प्रश्न अंतर्गत वीस-पंचवीस गुणांचा आहे.

खरी मेहनत प्रश्नपत्रिकेवर घ्या. आकडेमोड असेल तर हजेरी क्रमांकाचा शेवटचा अंक गणितात घाला: ‘मुद्दल ५,००० अधिक तुमच्या क्रमांकाच्या शेवटच्या अंकाची शंभरपट’. उत्तरपत्रिका एक्सेलमध्ये तपासायला पाच मिनिटं जास्त लागतात, पण शेजाऱ्याचं उत्तर आपोआप उघडं पडतं. फॉर्ममध्ये प्रश्नांचा क्रम बदलता ठेवा आणि एका खात्यावरून एकच फॉर्म भरता येईल असं करा. परीक्षा चालू असताना दुसरं काही उघडू न देणाऱ्या ‘लॉक्ड मोड’वर मात्र विसंबू नका, तो शाळेने व्यवस्थापित केलेल्या क्रोमबुकवरच चालतो, मुलांच्या मोबाइलवर नाही.

माझी मुलगी सातवीत आहे. ऑनलाइन तासात काढलेल्या स्क्रीनशॉटवरून मुलांनी तिच्या चेहऱ्याचं स्टिकर केलं आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवतायत. शाळा म्हणते, ग्रुप आमचा नाही. मुलगी तासाला बसायला तयार नाही.
— आई, ठाणे

ताई, फोटो शाळेच्या तासातला आहे आणि पोरं शाळेची आहेत. शाळेला हात झटकता येणार नाहीत. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ लिहा. स्क्रीनशॉट घेताना सेव्ह केलेलं नाव दिसतं, म्हणून त्या नावावर टिचकी मारून नंबर दिसणाऱ्या पानाचाही एक स्क्रीनशॉट घ्या. व्हॉट्सॲपमध्ये त्या मेसेजचा रिपोर्ट करा. तसं केल्यावर शेवटचे काही मेसेज कंपनीकडे जातात. ‘रिपोर्ट आणि डिलीट’ असं एकत्र मात्र आताच करू नका, पुरावा जाईल.

सगळ्यात महत्त्वाचं हे: ते चित्र नुसती टिंगल आहे की अश्लील केलेलं आहे? अश्लील असेल तर ते कुणालाही पुढे पाठवू नका. शिक्षकांना नाही, पालकांच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. लहान मुलांचं असं चित्र बाळगणं आणि पाठवणं हाच पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे. अशा वेळी शाळेत बसून ‘मिटवून टाकू’ ही भाषा चालत नाही. पॉक्सोच्या कलम १९ नुसार माहिती असलेल्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि शाळाही त्यातून सुटत नाही. १०९८ ही चाइल्डलाइन किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरून तक्रार करता येते. मुलीचं नाव कुठेही बाहेर येऊ न देणं हेही कायद्याने बंधनकारक आहे.

नुसती टिंगल असेल तर शाळेने त्या मुलांना पालकांसकट बोलवून, त्यांच्यासमोर ते स्टिकर त्यांच्या फोनवरून आणि ग्रुपवरून काढायला लावावं. ग्रुपचा ॲडमिन कुठल्याही मेसेजला ‘सर्वांसाठी डिलीट’ करू शकतो. दुसऱ्याच्या मेसेजबद्दल ॲडमिनला सरसकट जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. तेव्हा ॲडमिन मुलाशी भांडू नका, त्याची मदत घ्या.

आणि लेकीचा फोन काढून घेऊ नका. फोन काढला की ‘आईला सांगितलं म्हणून शिक्षा मलाच झाली’ एवढंच तिला समजतं, आणि पुढच्या वेळी ती सांगणार नाही. काही दिवस कॅमेरा बंद ठेवून, तिच्या पसंतीच्या मैत्रिणीसोबत तासाला बसू द्या. वर्गशिक्षिकेला तिने स्वतःहून सांगावं की तुम्ही, हे तिलाच विचारा.

सहावीतल्या मुलाला ऑनलाइन वर्गातून तीन दिवस काढता येतं का?
— शिक्षक, रत्नागिरी

चालू तासातून गोंधळ थांबवण्यापुरतं बाहेर काढता येतं. त्या दिवशीचं रेकॉर्डिंग आणि गृहपाठ त्याला मिळालाच पाहिजे. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, आणि कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं. तीन दिवस लिंकच न पाठवणं ही असं काढून टाकण्याची पहिली पायरी ठरते. सगळ्या वर्गासमोर नाव घेऊन म्यूट करणं, ‘हा बघा’ म्हणत त्याची खिडकी मोठी करणं याही गोष्टी टाळा. तास संपल्यावर त्याला पाच मिनिटं एकट्याला मीटिंगमध्ये थांबवा, घरातलं मोठं माणूस शेजारी असू द्या, आणि तेव्हा बोला.