जावावाल्यांना जँगो शिकवताना

प्रश्न : जावा या प्रोग्रामिंग भाषेत आठ-दहा वर्षं मुरलेले सहा जण आहेत. त्यांना जँगो (पायथन भाषेतली, वेबसाइट बांधायची चौकट) शिकवायचंय. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, निपाणी

उत्तर : पायथनची बाराखडी गिरवत बसू नका, त्याला दोन दिवस पुरे. अनुभवी माणूस अडतो तो ओआरएमवर, म्हणजे कोड आणि डेटाबेसची टेबलं जोडणाऱ्या भागावर. तंबाखूच्या 200 पावत्यांची यादी करायला सांगा, प्रत्येक ओळीत शेतकऱ्याचं नाव (तो वेगळ्या मॉडेलात, म्हणजे वेगळ्या टेबलात). पान झकास दिसतं, पण डीबग टूलबार (पानामागचं काम दाखवणारी पट्टी) उघडला की 201 क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे 201 विचारणा! यादीची एक, मग नावापायी दर ओळीला एक. आता ‘सिलेक्ट_रिलेटेड’ लावून तीच यादी एका क्वेरीत आणायला लावा. हे सांगून कळत नाही, आकडा बघूनच कळतं.

दुसरी खोड म्हणजे टेबलात परस्पर कॉलम घालणं. मग पुढचं मायग्रेशन (टेबलातले बदल लागू करणारी फाइल) ‘कॉलम आधीच आहे’ म्हणत आपटतं. मॉडेल बदला, ‘मेकमायग्रेशन्स’ चालवा, तयार झालेली फाइल वाचा, मगच ‘मायग्रेट’. फाइल गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) हवीच.

आपल्याकडे पावती कन्नड-मराठी दोन्हींत लागणार. भाषांतराची वाक्यं गोळा करणारं ‘मेकमेसेजेस’ विंडोजवर अडलं तर बहुधा त्याला लागणारं गेटटेक्स्ट हे साधन बसवलेलं नसतं. भाषांतर भरूनही इंग्रजीच दिसलं, तर ते भाषांतर वापरण्याजोगं करणारं ‘कंपाइलमेसेजेस’ चालवायचं राहिलंय का बघा.