ठाण्यात मैदानी खेळासाठी वॉकी-टॉकी घ्यायचे आहेत. कोणते घ्यावेत आणि लायसन्स लागतं का?

येऊरच्या पायथ्याशी रविवारी वीस जण झेंडा पळवण्याचा खेळ खेळता आणि फोनला रेंज नसते, असं तुम्ही लिहिलंय. आम्ही खारघरच्या टेकड्यांवर हेच करतो, म्हणून आधी आमची फजिती सांगतो.

पहिल्यांदा ऑनलाइन सहा सेट मागवले. खोक्यावर ठळक अक्षरात '२२ चॅनेल, ३५ मैल'. पैकी ३५ मैलांचं म्हणाल तर ओढ्याचं वळण ओलांडलं की आवाज गायब. आणि २२ चॅनेलचं गुपित आमच्यातल्या एका हॅम (परवानाधारक हौशी रेडिओवाल्या) मित्राने सांगितलं: ते अमेरिकेतल्या ४६२ ते ४६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले सेट. तो पट्टा आपल्याकडे लायसन्समुक्त नाही. सहाही सेट माळ्यावर गेले.

त्यामुळे रेंज, वॅट, रंग हे सगळं नंतर. आधी फ्रिक्वेन्सी बघा. २०१८च्या केंद्राच्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमध्ये कमी शक्तीच्या सेटना लायसन्समधून सूट दिली आहे. तुम्हाला हवे ते हेच. २७ मेगाहर्ट्झचा सिटिझन बँडही लायसन्सशिवाय चालतो, पण अँटेना साधारण लहरीच्या चौथ्या हिश्श्याएवढी लागते, आणि इथे तो हिस्साच पावणेतीन मीटर भरतो. एवढी काठी हातात धरून कोण पळणार? ४४६ला तोच हिस्सा १७ सेंटिमीटर, वीतभरही नाही.

लायसन्स नाही म्हणजे कागदच नाही, असं मात्र नव्हे. सेटच्या मॉडेलला दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची ईटीए, म्हणजे उपकरणाच्या प्रकाराला दिलेली मान्यता, असावी लागते. विक्रेत्याकडे प्रमाणपत्र मागा आणि मॉडेल नंबर जुळवून पाहा. टाळाटाळ केली तर पुढच्या दुकानात जा. २०२५मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन वॉकी-टॉकी विक्रीसाठी खास मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या उगाच नाही.

'एकाने हॅम लायसन्स काढलं की झालं' हा सल्ला तुम्हालाही कोणीतरी देईल. नाही होत. ते परीक्षा देऊन त्या माणसाला मिळतं, टीमला नाही.

पाच वॅटच्या सेटचा मोहही सोडा. मध्ये डोंगर आला की वॅट काही फारसे कामाला येत नाहीत. त्यापेक्षा दोन्ही बाजू दिसतील अशा टेकाडावर एक निरोप्या बसवा. आमच्याकडे ज्याचा पाय मुरगळलाय त्याला हे पद मिळतं.

उरलेले पैसे पावसाळ्यासाठी आयपी६७ (धूळ-पाणी आत न जाणारे) सेट आणि बटण असलेला इअरपीस यावर घाला. बोललं की आपोआप चालू होणारी सोय बंदच ठेवा, नाहीतर पळणाऱ्याची धाप सगळ्यांना ऐकू येते. 'प्रायव्हसी कोड'च्या भरवशावर डावपेच बोलू नका. कोडमुळे फक्त तुम्हाला इतरांचा आवाज येत नाही, तुमचा त्यांना जातोच. बटण दाबल्यावर एक क्षण थांबून बोला, पहिला शब्द खाल्ला जातो.

आणि येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तेव्हा आत शिरायचं असेल तर आधी वनखात्याला विचारा.

शेवटचं, प्रत्येकाला नंबर द्या. आम्ही सुरुवातीला नावानेच हाका मारायचो. 'दादा, ऐकतोयस का?' म्हटलं की चार दादा एकदम बटण दाबायचे आणि कोणाचंच काही कळायचं नाही.