घरून रक्त देताय? घड्याळ हाताशी ठेवा

आईवडील गुहागरजवळच्या वाडीत, मी मुंबईला. लॅबचा मुलगा सकाळी ७ वाजता घरी येऊन रक्त घेतो, मग बाकीची घरं करत ११ च्या सुमारास चिपळूणला पोचतो. बाबांची फास्टिंग (उपाशीपोटीची साखर) ९८ आली आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.१. खरं काय मानायचं?

दोन्ही खरं असू शकतं. सकाळची साखर आटोक्यात आणि जेवणानंतरची वर, असं बऱ्याच जणांचं असतं. ८.१ म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर १८५ च्या आसपास. पण तुमच्या प्रश्नातले ७ ते ११ हे चार तास आधी तपासा.

रक्त ट्यूबमध्ये गेलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या ट्यूबमध्ये रक्त यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या न करता तसंच ठेवलं, तर साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्के उतरते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. म्हणजे घरी १२० असलेली फास्टिंग चार तासांनी ९८ दिसणं अगदी शक्य आहे. त्यासाठीच साखरेचं रक्त राखाडी झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतात. तिच्यातलं फ्लोराइड पेशींचं हे खाणं थांबवतं, पण लगेच नाही. पहिल्या तास-दोन तासांत थोडी घट होतेच. ट्यूब खुणेपर्यंत भरलेली हवी आणि लगेच ८-१० वेळा हलक्या हाताने उलटसुलट केलेली हवी. जोरात हलवली तर पेशी फुटतात. एचबीए१सी जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये जातं. ते टिकाऊ असतं, दोन-चार तासांच्या प्रवासाने त्याचं काही बिघडत नाही. मात्र बाबांचं हिमोग्लोबिनही बघून घ्या. लोहाच्या कमतरतेने एचबीए१सी उगाच वर दिसू शकतं.

पुढच्या वेळी फोनवरून तीन गोष्टी पक्क्या करा: झाकणाचा रंग, थंड डबा (ट्यूब थेट बर्फाला टेकता कामा नये), आणि त्या फेरीत तुमचं घर शेवटचं. शिवाय सुई टोचण्याच्या वेळीच घरच्या ग्लुकोमीटरवर एक थेंब तपासून आकडा आणि वेळ लिहून ठेवा. उपाशीपोटी दोन्ही आकड्यांत १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो. मीटर १२५ आणि लॅब ९८ म्हणत असेल, तर वाटेत काय झालं ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आई इन्सुलिन घेते. पावसात रस्ता बंद झाला की माणूस साडेनऊला येतो. तोवर उपाशी ठेवावं का?

फास्टिंगला ८ तास उपास पुरतो, १२ च्या पुढे ताणू नका. पाणी चालतं, चहा नाही, बिनसाखरेचाही नाही. रात्रीचं दीर्घकाळ काम करणारं इन्सुलिन ठरल्याप्रमाणे घ्यावं. नाश्त्याआधीचं इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी मात्र रक्त दिल्यावर, समोर ताट आल्यावरच. आधी इन्सुलिन टोचून माणसाची वाट बघत बसणं हा सगळ्यात धोक्याचा प्रकार. घाम सुटला, हात थरथरले तर मीटर लावा. साखर ७० च्या खाली असेल तर ३ चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा बघा. त्या दिवशीची फास्टिंग रद्द! तपासणी उद्याही होते.

पीपीचे (जेवणानंतरच्या साखरेच्या तपासणीचे) दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन, नेहमीचंच खायचं. रोज पेज असेल तर पेज. तपासणीच्या दिवसापुरतं अर्धं घावन खाऊन आलेला आकडा डॉक्टरांच्या काय कामाचा? माणूस पावणेदोन तासांनीच आला तर खरी वेळ लिहायला लावा. फक्त एचबीए१सी करायचं असेल तर उपासाची गरजच नाही.

बाबांची शीर सापडत नाही, नंतर हात काळानिळा पडतो.

तासभर आधी दोन पेले पाणी (डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं नसेल तर), हात शेकून गरम, आणि दहा मिनिटं खाली सोडलेला. रबरी पट्टा एका मिनिटाहून जास्त बांधू नये. मूठ सारखी उघडझाप करायला लावली की पोटॅशियम खोटं वाढतं, पेशी फुटल्या तरी तेच होतं. त्यामुळे पोटॅशियम अचानक ५.९ आलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा आणि पुन्हा रक्त द्यावं का ते विचारा. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं. नाजूक शिरेला २३ नंबरची फुलपाखरू सुई मागा. एकाच माणसाने दोनदा टोचून जमलं नाही तर तिसऱ्यांदा हात देऊ नका. डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी मुद्दाम जोडलेली शीर) असलेला हात तर मुळीच द्यायचा नाही.

काळंनिळं मात्र बहुतेक वेळा नंतरच्या चुकीनं होतं. कापूस धरून कोपर दुमडायची आपल्याकडे सवयच आहे. हात सरळ ठेवून, बोटाने २-३ मिनिटं दाबा. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ करणारी गोळी) चालू असेल तर ५ मिनिटं. चोळू नका, आणि मध्येच उचलून बघू नका.

आंब्याच्या दिवसांत मीटर एकदम ३१० दाखवतो. एक फोड खाऊन इतकी?

फोड कापली कुणी? बोटाला लागलेला रस थेंबात मिसळतो. नुसत्या स्पिरिटच्या कापसाने तो जात नाही. साबण-पाण्याने हात धुवा, कोरडे करा, बोटाच्या कडेला टोचून पुन्हा बघा. तरीही ३०० च्या वर आली तर ती खरी, डॉक्टरांना फोन करा. पट्ट्यांच्या डबीचं झाकणही लगेच लावा. दमट हवेत उघडी राहिलेली पट्टी भरवशाची नसते.

वापरलेल्या सुया कुठे टाकायच्या?

लॅबच्या माणसाने आपली सुई स्वतःच्या न टोचणाऱ्या डब्यात टाकून परत न्यायची असते. घरच्या लॅन्सेट (बोटाला टोचायच्या सुया) आणि इन्सुलिनच्या सुया फिनेलच्या रिकाम्या, जाड, आट्याच्या झाकणाच्या बाटलीत जमवा. पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून लॅबमध्ये किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून द्या. परसात जाळू नका, माडाच्या आळ्यात पुरू नका. आळं खणणारा अनवाणी असतो.