चिलखत घालून थंड कसं राहायचं?

प्रश्न : ताई, कॉस्प्लेसाठी, म्हणजे सिनेमा-गेममधल्या पात्राचा वेश करण्यासाठी, चार महिने खपून फोमचं फुल आर्मर बनवलंय, हेल्मेटपासून बुटांपर्यंत सगळं. परवा पहिल्यांदा पूर्ण घालून बघितलं तर वीस मिनिटांत घामाने निथळलो, व्हायझरवर वाफ धरली, पुढचं दिसेना आणि शेवटी गरगरायला लागलं तेव्हा काढून ठेवलं. आता हेल्मेटमध्ये फॅन बसवतोय. मित्र म्हणतो फॅनने काही होत नाही, बर्फाचं जॅकेट घे. कार्यक्रमात पाच-सहा तास घालायचंय. काय करू?

उत्तर : आधी एक सांगते, गरगरल्यावर तू काढून ठेवलंस ते अगदी बरोबर केलंस, कार्यक्रमातही तेच करायचं, फोटोसाठी कितीही लोक थांबलेले असू देत.

आता मुद्द्याचं. घाम आला म्हणून आपण थंड होत नाही, घाम वाळतो तेव्हा थंड होतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, पण तोच घाम टपटप खाली गळला तर जवळजवळ काहीच नेत नाही, आणि तुझं तेच झालं. कॉस्प्लेचा फोम म्हणजे बंद बुडबुड्यांचा, त्यातून हवा जात नाही, वाफही जात नाही, त्यामुळे आतली हवा काही मिनिटांत इतकी दमट होते की घाम वाळायला जागाच उरत नाही. म्हणून फॅन हवाच, पण फॅन लावला आणि हवा बाहेर जायला वाटच ठेवली नाही तर तो तीच दमट हवा आतल्या आत फिरवत बसतो, तुझ्या मित्राचा अनुभव बहुतेक असाच असणार. एक फॅन हनुवटीपाशी बाहेरची हवा आत ओढणारा आणि दुसरा मागे वरच्या बाजूला आतली बाहेर फेकणारा असं लाव. आत येणारी हवा व्हायझरच्या काचेवरून जाईल असं बघ, वाफेचा प्रश्न बराचसा तिथेच सुटतो. जागा अरुंद असेल तर कॉम्प्युटरमधल्या चपट्या फॅनपेक्षा छोटा ब्लोअर घे, अडथळ्यातून हवा ढकलायला तो चांगला. ५ व्होल्टचे साधारण १ वॉटचे दोन फॅन १०,००० एमएएचच्या पॉवर बँकवर दिवसभर चालतात, फक्त काही पॉवर बँक करंट फार कमी असला की आपोआप बंद पडतात, तेव्हा आधी घरी दोन-तीन तास चालवून बघ. आणि पॉवर बँक घामात भिजेल अशी अंगाला चिकटवून अजिबात ठेवू नकोस. पाठीच्या आणि छातीच्या तुकड्यांतही जिथे दिसत नाही तिथे, म्हणजे काखेखाली, मानेमागे, फटी ठेव.

बर्फाच्या जॅकेटचा हिशोब आपणच करू. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी शोषतो. नुसतं चालताना आपलं शरीर तासाला २०० ते ३०० किलोकॅलरी उष्णता तयार करतं. म्हणजे दोन किलोचं जॅकेट तासभरही पुरत नाही, आणि नंतर ते नुसतं ओझं. वापरायचंच तर १५ ते २० अंशांना वितळणाऱ्या मेणासारख्या पदार्थाचे पॅक मिळतात ते बघ, किलोमागे बर्फापेक्षा कमी उष्णता घेतात पण बर्फासारखे चावत नाहीत. बदलायचे पॅक कूलरमध्ये ठेव. पाण्यात भिजवून घालायचं कूलिंग व्हेस्ट मात्र घेऊ नकोस, ते पाणी वाळण्यावर चालतं आणि चिलखताखाली पाणी वाळणार कुठून?

वजनाकडेही बघ, विशेषतः पायांच्या. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी पंधराव्या शतकातल्या चिलखतांच्या ३० ते ५० किलोच्या हुबेहूब प्रती घालून लोकांना ट्रेडमिलवर चालवलं, तर ऊर्जा साधारण दुप्पट लागली, आणि त्यात पायांवरच्या पत्र्यांचा मोठा वाटा होता कारण ते वजन प्रत्येक पावलाला उचलून फिरवावं लागतं. फोम हलका असतो हे खरं, पण बुटांना जाड सोल आणि नडगीवर तीन-तीन थर दिले असशील तर तिथे कमी कर. ऊर्जा जास्त म्हणजे उष्णता जास्त.

आणि माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट, हातांचे तुकडे तुझे तुलाच पटकन काढता येतील असे कर. दर ४०-४५ मिनिटांनी हेल्मेट आणि हात काढून सावलीत बस, हात कोपरापर्यंत थंड पाण्यात १०-१५ मिनिटं बुडव. तळहातांतून शरीर खूप उष्णता बाहेर टाकतं, अग्निशमन दलाचे जवानही ब्रेकमध्ये असंच करतात. पाणी दर १५-२० मिनिटांनी एक ग्लास, स्ट्रॉने. बाथरूमला जायचं टाळायला म्हणून पाणी न पिणारे खूप जण मी पाहिलेत, तसं करू नकोस, त्यापेक्षा कमरेचा भाग बकलने उघडेल असा कर. तासाला दीड लिटरच्या वर मात्र पिऊ नकोस, तेही घातक.

प्रश्न : आत कॉटन घालावं का?

उत्तर : नको. कॉटन घाम धरून ठेवतं आणि ओलं झालं की जड होतं, घासतं. पातळ, अंगाला बसणारा पूर्ण बाह्यांचा पॉलिस्टरचा स्पोर्ट्स टीशर्ट घाला, दुसरा बदलायला बरोबर ठेवा.

प्रश्न : धाकटा भाऊ आर्मर घालणार, मी त्याच्यासोबत मदतीला. धोका कसा ओळखू?

उत्तर : हेल्मेटमुळे चेहरा दिसत नाही, म्हणून त्याच्याशी सतत बोलत राहा. उत्तर भलतंच आलं, चाल अडखळली, चिडचिड किंवा गोंधळ वाटला की त्याला विचारत बसू नका, काढायला घ्या. घाम येतोय म्हणजे ठीक आहे असं अजिबात धरू नका, उष्माघातात घाम चालूही असू शकतो. शरीर ४० अंशांच्या वर गेलं की मेंदूवर परिणाम व्हायला लागतो. अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा आणि ती येईपर्यंत अंगावर भरपूर थंड पाणी ओतत राहा, वारा घाला, शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. आणि आधी घरी घड्याळ लावून सराव करा, पूर्ण चिलखत तुम्हाला दोन मिनिटांत उतरवता आलं पाहिजे, जिथे अडकतं तिथला पट्टा बदला, नाहीतर सरळ कापता येईल अशी कात्री खिशात ठेवा.