ऑनलाइन वर्ग सुरू करताय? आधी तुमची पीडीएफ तपासा

सगळ्यात आधी एक करा. नोट्सच्या पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा. मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी उमटली, तर फाइल जुन्या, युनिकोड (सगळ्या उपकरणांना कळणारी अक्षरांची सामायिक पद्धत) नसलेल्या फॉन्टमधली आहे असं समजा. आपल्याला ती छान दिसते, पण अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा एनव्हीडीए किंवा टॉकबॅक, ती खिचडीच वाचून दाखवतो. माझ्या वर्गातली एक मुलगी दोन महिने मैत्रिणीकडून वाचून घेत होती, मला काही बोललीच नाही. कळलं तेव्हा लाज वाटली. आता सगळं युनिकोडमध्येच टाइप करते. स्कॅन केलेली पानं तर नकोतच, ते नुसते फोटो.

शिकवताना ‘हे बघा, इथून इकडे’ म्हणायची खोड मोडा. हृदयाची आकृती असेल तर ‘उजव्या निलयातून (खालच्या कप्प्यातून) निघालेली रेघ फुप्फुसाकडे जाते’ असं बोला. रेंज गेल्यामुळे नुसता आवाज ऐकणाऱ्यालाही ते कळतं.

आपोआप येणाऱ्या कॅप्शनमध्ये संज्ञा हमखास चुकतात, त्या हाताने सुधारा. फिकट राखाडी अक्षरं टाळा. मजकूर आणि पार्श्वभूमीतला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५:१ हवा.

कोण दिव्यांग आहे ते वर्गात विचारत बसू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यातले अध्ययन अक्षमतेसारखे कित्येक दिसतही नाहीत.

आणि गृहपाठाला दोन दिवस तरी द्या. काही घरांत फोन एकच असतो, तो वडील कामावरून परतल्यावरच हातात येतो.