ज्यूकबॉक्स : गुत्त्यातून आलेला शब्द

प्रश्न असा आहे : ‘मराठी चित्रपटांच्या गाण्यांवर हल्ली “ऑडिओ ज्यूकबॉक्स” असं लिहिलेलं असतं. त्याला मराठी शब्द काय? संगीतपेटी चालेल का?’

नाही चालणार. मराठी माणसाची पेटी म्हणजे हार्मोनियम. ‘पेटीवर कोण आहे?’ असं विचारलं तर कुणी ट्रंकेवर बसलेला माणूस शोधत नाही. आणि मुळात ज्यावर हे लिहिलेलं असतं तो ज्यूकबॉक्स नव्हेच! सिनेमातली पाचही गाणी एकामागून एक चिकटवायची आणि त्याला ज्यूकबॉक्स म्हणायचं, म्हणजे राइसप्लेटला मेनूकार्ड म्हणण्यातला प्रकार. नाणं टाका, बटण दाबा, आतला यांत्रिक हात नेमकी तुमचीच तबकडी उचलून सुईखाली ठेवणार, ही खऱ्या ज्यूकबॉक्सची गंमत. शेजारच्या टेबलावरच्याला ते गाणं आवडो न आवडो.

यंत्र मात्र नावाच्या बरंच आधीचं. २३ नोव्हेंबर १८८९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मद्यालयात लुई ग्लासने एडिसनचा फोनोग्राफ नाण्यावर चालेल असा करून ठेवला. त्याला डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारख्या चार नळ्या होत्या आणि प्रत्येक नळीचे पाच सेंट वेगळे. चार अनोळखी माणसं एकाच खोक्याला कान जोडून उभी! गाणं निवडायची सोय त्यात नव्हती. तेव्हा ‘ऑडिओ ज्यूकबॉक्स’वाल्यांना पूर्वज हवाच असेल, तर हा घ्या.

आता ‘ज्यूक’. परवाच एका जाणकारांनी हा शब्द फ्रेंचमधल्या ‘खेळणे’ या क्रियापदावरून आणून दाखवला. आवाज जुळला की नातं जुळलं, ही व्युत्पत्ती नव्हे, पत्रिका पाहणं झालं. अशाने उद्या ‘जुगार’ही ओढून आणाल, तो आपल्या द्यूताच्या घरचा, त्याला इथे बोलवू नका.

शब्द आहे गला भाषेतला, म्हणजे अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावर, भातशेतीसाठी गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांच्या वंशजांची बोली. तिथे तो ‘बेताल, बदफैली’ अशा अर्थाने चालतो. सेनेगलकडच्या वोलोफ भाषेत ‘जुग’ म्हणजे वाईट चालीने राहणे, आणि मालीतल्या बाम्बारा भाषेत ‘जुगु’ म्हणजे दुष्ट. भाषाशास्त्रज्ञ लोरेन्झो डाउ टर्नर यांनी १९४९ साली गलामधल्या अशा आफ्रिकी शब्दांचा मोठा संग्रहच छापला. तरीही कोशकार अजून या व्युत्पत्तीमागे ‘बहुधा’ लावतात. शब्द लॅटिन घरातला असता तर इतका संकोच झाला असता का? मला शंका आहे.

शिवाय अमेरिकेच्या दक्षिणेतला मूळ उच्चार ‘ज्यूक’ नाहीच. तो ‘जुक’, ‘बुक’शी यमक जुळणारा. जुक जॉइंट म्हणजे रस्त्याकडेची लाकडी खोपटी : दारू, पत्ते, नाच आणि कोपऱ्यात गिटार नाहीतर पियानो. कृष्णवर्णीयांचं ब्लूज संगीत जन्मलं ते याच कळकट जागेत, असं लेखिका झोरा नील हर्स्टन यांनी १९३४ सालीच ठणकावून सांगितलं होतं. पुढे वादकाच्या जागी नाण्याचं यंत्र आलं आणि जुकमधलं खोकं म्हणून ज्यूकबॉक्स झालं. शिकागोत लिटल वॉल्टरने १९५२ साली माउथऑर्गनवर वाजवलेल्या गाजलेल्या चिजेचं नावही ‘जुक’च.

या जागेला मराठीत तंतोतंत शब्द आहे : गुत्ता. आणि खरी मजा इथेच आहे. गुत्ता म्हणजे मुळात ठेका, मक्ता. कन्नडात ‘गुत्तिगे’ तोच, आणि मराठवाड्यात कंत्राटदार आजही गुत्तेदार. दारूविक्रीचा गुत्ता घेता घेता दुकानच गुत्ता झालं आणि सरकारदरबारचा शब्द बदनाम झाला. जुकचं बरोब्बर उलट : बदनाम शब्द, पण खोक्यावर बसून थेट घरंदाज वस्तीत शिरला. चांगल्या घरातल्या लेकरांच्या बडबडगीतांवरही आता ‘ज्यूकबॉक्स’ लिहितात. म्हणजे ‘गुत्त्यातली पेटी : नाच रे मोरा’.

हं, प्रतिशब्द राहिलाच. नाण्याच्या यंत्राला ज्यूकबॉक्सच म्हणा, रुळलेला शब्द आहे. आणि त्या चिकटवलेल्या पाच गाण्यांना ‘सर्व गाणी’ म्हणा की. दोनच शब्द आहेत, जागाही कमी लागते.