इ.स.पू. १४६ ची लिस्ट बाजूला ठेव, आधी पॉलिबियसला भेट

प्रिय,

तुझी लिस्ट वाचली, दोनदा वाचली. कॉलेजच्या हिस्ट्री क्लबमध्ये "इ.स.पू. १४६ मधल्या ठळक घटना" यावर पंधरा मिनिटं बोलायचंय आणि तू चौदा मुद्दे काढलेस, मेहनत दिसते त्यात. पण खाली लिहिलंयस ना, "ताई, सगळं बरोबर आहे पण यात जीव नाही", त्याचं उत्तर मेसेजमध्ये मावणारं नाही म्हणून पत्रच लिहायला बसले.

आधी एक लक्षात घे, १४६ हा आकडा आपण लावलेला आहे. त्या वर्षात जगणाऱ्या कुणाला तो माहीत नव्हता. रोमन लोक वर्षाला त्या त्या वर्षीच्या दोन कॉन्सलांच्या, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेल्या सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या, नावाने ओळखायचे, या वर्षीचे म्हणजे लेंटुलस आणि मुम्मियस. तिकडे चीनमध्ये हान सम्राट जिंग गादीवर होता, तिथे वर्षं त्याच्या राजवटीची मोजली जायची. या सगळ्या गोष्टी आपण मागाहून एका खणात ठेवल्या, आणि खण उघडून एकेक वस्तू दाखवत बसलं की ऐकणारा पाचव्या मिनिटाला मोबाईल काढतो. मी शिकवायला लागले तेव्हा पहिली काही वर्षं हेच केलं, मुलांकडून सनावळ्या घोकून घेतल्या, आणि त्या मुलांचं त्यात नुकसान झालं असं मला आजही वाटतं. म्हणून सांगते, त्या वर्षाचा घाव ज्याच्या अंगावर बसला असा एक माणूस शोध आणि त्याचं बोट धर. १४६ ला असा माणूस आहे आणि तुझ्या लिस्टमध्ये तो अकराव्या नंबरवर दोन ओळींत पडून आहे. पॉलिबियस.

हा ग्रीक इतिहासकार, मेगालोपोलिस शहरातला, चांगल्या राजकारणी घरातला. इ.स.पू. १६७ मध्ये रोमने अकीयन संघातली, म्हणजे ग्रीक शहरांच्या एका संघातली, एक हजार माणसं ओलीस म्हणून इटलीला नेली, खटला नाही काही नाही, नुसतं नेऊन ठेवलं, त्यात हा होता. जवळजवळ सतरा वर्षांनी सोडलं तेव्हा त्यातले तीनशेच्या आसपास उरले होते. रोममध्ये त्याची ओळख एका मोठ्या घराण्यातल्या मुलाशी झाली, स्किपियो एमिलियानस. सुरुवात कशावरून, तर पुस्तकं उसनी देण्या-घेण्यावरून. आणि पुढचा प्रसंग पॉलिबियसने स्वतःच लिहून ठेवलाय, तो नीट वाच. मुलगा अठराचा. एक दिवस दोघंच असताना तो लाजून हळू आवाजात विचारतो, तुम्ही कायम माझ्या भावाशीच बोलता, सगळे प्रश्न त्यालाच विचारता, माझ्याकडे बघतही नाही, तुम्हालाही मी बाकीच्यांसारखा आळशी वाटतो का? पॉलिबियस त्याची समजूत घालतो आणि मग तो मुलगा त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून म्हणतो की यापुढे तुम्ही माझ्याकडेच लक्ष द्या, माझ्यासोबत राहा. हा हात लक्षात ठेव.

आता कार्थेज, उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं शहर, रोमचा जुना शत्रू. युद्ध सुरू झालं १४९ ला, पण "तिसरं प्युनिक युद्ध", म्हणजे रोम आणि कार्थेजमधलं तिसरं युद्ध, एवढं म्हणून पुढे जाऊ नकोस. कार्थेजने आधी लढाई टाळायचा जिवापाड प्रयत्न केला, तीनशे मुलं ओलीस दिली, मग शस्त्रं दिली, अप्पियनच्या म्हणण्याप्रमाणे दोन लाख चिलखतं आणि दोन हजार कॅटापल्ट, म्हणजे दगड-बाण फेकायची यंत्रं. सगळं हातात पडल्यावर रोमनांनी शेवटची अट सांगितली, शहर सोडा आणि समुद्रापासून ऐंशी स्टेडिया, म्हणजे साधारण पंधरा किलोमीटर आत कुठेही राहा. ज्यांची अख्खी हयात बंदरावर गेली त्यांना हे सांगितलं. मग मात्र ते लोक उठले, देवळांमध्ये रात्रंदिवस हत्यारं बनवायला लागले, कॅटापल्टच्या दोरांसाठी बायकांनी केस कापून दिले आणि तीन वर्षं शहर लढवलं. १४६ च्या वसंतात स्किपियोचं सैन्य आत घुसलं. बंदराकडून बिर्सा या किल्ल्याच्या टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी सहासहा मजली घरं, एक घर घ्यायचं, गच्चीवरून फळ्या टाकून पुढच्या घरात जायचं, असं सहा दिवस चाललं. शेवटी पन्नास हजार लोक शरण येऊन बाहेर पडले आणि ते गुलाम झाले.

इथे एक सवय लावून घे. हे मजले, हे आकडे आपल्याला अप्पियनकडून मिळतात आणि अप्पियन इ.स.च्या दुसऱ्या शतकातला, म्हणजे घटनेनंतर जवळपास तीनशे वर्षांनी लिहिणारा. त्याच्यासमोर पॉलिबियसचं लिखाण होतं म्हणून त्याला वजन आहे, पण "अप्पियन सांगतो" हे दोन शब्द स्टेजवर म्हणायचेच, त्याने तुझं बोलणं कमजोर होत नाही. आणि तुझ्या लिस्टमधला तिसरा मुद्दा, मिठाचा, सरळ काढून टाक. कार्थेजच्या जमिनीत मीठ पेरलं असं एकाही प्राचीन लेखकाने लिहिलेलं नाही, ते आधुनिक काळात चिकटलंय. त्याऐवजी मागोची गोष्ट घे. कार्थेजची ग्रंथसंपदा रोमनांनी आफ्रिकेतल्या छोट्या राजांना वाटून टाकली, पण मागो नावाच्या कार्थेजी लेखकाचे शेतीवरचे अठ्ठावीस ग्रंथ मात्र ठेवून घेतले आणि सिनेटने हुकूम काढून लॅटिनमध्ये भाषांतर करून घेतलं. शहर नको होतं, द्राक्षं आणि ऑलिव्ह कसे लावायचे ते हवं होतं.

तर शहर जळतंय, स्किपियो चाळिशीच्या उंबरठ्यावरचा सेनापती, जिंकलेला, आणि शेजारी त्याचा गुरू उभा. पॉलिबियस सांगतो की स्किपियोने वळून त्याचा हात धरला आणि म्हणाला, क्षण मोठा आहे पण मला भीती वाटते, कधीतरी माझ्या देशाबद्दलही कुणी असाच हुकूम देईल. वीस वर्षांपूर्वी धरलेला तोच हात. स्किपियोने तेव्हा म्हटलेल्या ट्रॉयच्या नाशाबद्दलच्या होमरच्या ओळी आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी यासाठी अप्पियनकडे जावं लागतं, पॉलिबियसचा तो भाग आपल्याकडे तुकड्यातुकड्यांत पोचलाय.

आणि त्याच वर्षी, काही महिन्यांत, पॉलिबियसचाच देश. अकीयन संघ रोमशी भिडला आणि हरला, कॉन्सल मुम्मियस संघातल्या कॉरिंथ शहरात शिरला, पुरुष मारले, बायका-मुलं विकली, शहर लुटून जाळलं. पॉलिबियस तिथेही पोचला. त्याने काय पाहिलं ते स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकाराने त्याच्या हवाल्याने दिलंय: नावाजलेली चित्रं जमिनीवर टाकलेली आणि त्यांच्यावर सैनिक फासे खेळतायत. एकाच वर्षात हा माणूस कार्थेजला जिंकणाऱ्याच्या शेजारी उभा होता आणि कॉरिंथमध्ये स्वतःच्या माणसांच्या राखेत. तुझ्या पंधरा मिनिटांतली दहा यावर घाल, मॅसेडोनिया रोमचा प्रांत झाला वगैरे एका वाक्यात आटप. हान सम्राटाला सुरुवातीला एकदा आण, वर्ष मोजण्याच्या मुद्द्याला, आणि सोड.

शेवट कुठे करायचा हे विचारलं होतंस. कॉरिंथच्या आगीवर करू नकोस, सगळे तिथेच थांबतात. संघाचा सेनापती डिएयस याची मालमत्ता विकायला काढली तेव्हा रोमनांनी पॉलिबियसला सांगितलं, लिलावाआधी तुला हवं ते फुकट उचल. त्याने काही घेतलं नाही आणि मित्रांनाही सांगितलं, यातलं काही घ्यायची इच्छा धरू नका. मग रोमचे अधिकारी परत गेल्यावर तो शहराशहरांतून फिरला, नवीन कायदे लोकांना समजावत, भांडणं मिटवत. तीनेकशे वर्षांनी पौसानियस नावाचा प्रवासी ग्रीसमधल्या आर्केडिया भागातल्या एका देवळात गेला तर तिथे त्याला कोरलेला लेख दिसला, की ग्रीसने सगळ्या बाबतीत पॉलिबियसचं ऐकलं असतं तर ग्रीस पडला नसता, आणि पडल्यावर मदत मिळाली ती फक्त त्याच्याकडून.

हात धरायचा तो पहिला प्रसंग पॉलिबियसच्या एकतिसाव्या खंडात आहे. रविवारपर्यंत तो वाच आणि मला फोनवर वाचून दाखव, सावकाश, घाई न करता.

तुझी
ताई